पंधरा वर्षांची खुर्ची

पहिली खुर्ची चाकांवर उतरली, कलंडली आणि खालच्या कचऱ्याच्या लोखंडी हौदात आधी पडलेल्या खुर्च्यांवर आपटून गप्प झाली. तिच्या पाठोपाठ दुसरी आली. विम्याच्या कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावरची एक खिडकी चौकटीसकट काढली होती, तिथून प्लायवुडची घसरगुंडी खाली सोडली होती आणि वरून कोणीतरी एकेक खुर्ची ढकलत होतं. सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीनं भोंगा वाजवला. मार्लीन बोलहाउस ही अठ्ठावन्न वर्षांची, नाकासमोर चालणारी बाई. ग्रँड रॅपिड्स शहरात चाळीस वर्षं गाडी चालवून तिच्या नावावर एक साधा दंड नव्हता. तिनं गाडी सरळ बंबवाल्यांच्या नळापाशी, जिथं उभी करायला सक्त मनाई होती तिथं लावली आणि उतरली. तो निळा रंग तिनं लांबूनच ओळखला होता. गर्दीत आपलं मूल पाठमोरंही ओळखू येतं तसा. ही 'हेवन' होती, तिच्याच कंपनीची खुर्ची. हिच्या पोटातलं ग्रॅमन् ग्रॅम मार्लीनला पाठ होतं, पायाचं अॅल्युमिनियम किती, पाठीचं प्लास्टिक किती, गादीचा फोम किती. आज सकाळी अकरा वाजता याच खुर्चीच्या पर्यावरण घोषणापत्रावर तिला सही करायची होती. त्या कागदावर लिहिलं होतं की ही खुर्ची पंधरा वर्षं टिकते.

मार्चचा महिना होता. रस्त्याच्या कडेला काळपट पडलेल्या बर्फाचे ढीग पाझरत होते. हौदाच्या बाजूला चढायला तीन लोखंडी पायऱ्या होत्या, त्या ओल्या होत्या. मार्लीननं पर्स खांद्यावरून गळ्यात अडकवली आणि ती चढली. आपण हे का करतोय याचा विचार तिनं केला नाही. केला असता तर ती परत गाडीत जाऊन बसली असती, कारण विचार करून गोष्ट टाळण्यात तिचा हात कोणी धरू शकत नव्हतं. आत उतरताना तिचा बूट दोन खुर्च्यांच्या मध्ये गेला आणि मोजा फाटला. तिनं जवळची एक खुर्ची उलटी केली. बुडाशी पांढरी चिठ्ठी चिकटवलेली असते, तिच्यावर खुर्ची कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी बांधली ते छापलेलं असतं. ही चिठ्ठी असावी म्हणून कधीकाळी तिनंच भांडण केलं होतं. तिनं वर्ष वाचलं आणि बोटांवर मोजलं. सहा. दुसरी उलटी केली. सहा. तिसरी पाच. चाकं गरगर फिरत होती, वरखाली करायचा दांडा सुरेख चालत होता, हात शाबूत होते. गादी तेवढी बसली होती आणि पुढच्या कडेला, जिथं मांड्या घासतात तिथं, कापड विरलं होतं. माणूस ठणठणीत असावा आणि नुसती विजार फाटली म्हणून त्याला पुरावं, तसा हा प्रकार होता.

"ओ बाई! खाली उतरा आधी! वरून खुर्ची यायची डोक्यात!" हौदाच्या कडेवरून एक दणकट, पिकल्या दाढीचा माणूस ओरडला. त्याच्या छातीवर 'लूथर' असं नाव शिवलेलं होतं. त्यानं वर बघून हात हलवला आणि घसरगुंडी थांबवली. "एक हवी असेल तर घेऊन जा की सरळ. माझी काही ना नाही. माझ्या मेव्हण्यानं तीन नेल्यात."

"मला नकोय," मार्लीन म्हणाली. "मी या बनवल्यात."

लूथरनं तिच्याकडे, तिच्या फाटलेल्या मोज्याकडे आणि गळ्यातल्या पर्सकडे पाहिलं. "मग त्या बनवायच्या सोडून इथं काय करताय?"

"मोजतेय. अजून किती आहेत वर?"

"आज एवढ्याच. दोन हौद काल गेले भरून. सरळ खड्ड्यात. डम्पिंगवर." मग त्याला बाईची दया आली असावी. "वाईट वाटून घेऊ नका. आम्ही महिन्यात अशा चार-पाच कचेऱ्या रिकाम्या करतो. सगळीकडं हेच. कापड फाटलं, की झालं. मी एकदा गादी बदलून बघायला गेलो एका खुर्चीची, बायकोसाठी. निघतच नाही हो! चाकूनं खरवडली तर खालचं प्लास्टिकच फुटलं. काय चिकटवलंय काय कोणी!"

कोणी चिकटवलंय ते तिला ठाऊक होतं. नऊ वर्षांपूर्वीपर्यंत हेवनची गादी वेगळी असायची, लाकडी फळीवर फोम, फोमवर कापड ताणून पिना मारलेल्या, आणि ती फळी खालून चार स्क्रूंनी बसवलेली. मार्लीननं गणित मांडलं. खाणीतून धातू काढण्यापासून खुर्ची मातीत जाईपर्यंत पृथ्वीला तिचा किती ताप होतो, हे मोजायचं तिचं काम. बावीस वर्षं ती तेच करत आली होती आणि मन लावून करत आली होती. गणितात सरळ दिसत होतं, की फळी, स्क्रू आणि पिना काढून फोम थेट प्लास्टिकवर गोंदानं चिकटवला, तर खुर्चीमागे साडेसहाशे ग्रॅम सामान वाचतं. एका खुर्चीपायी हवेत जाणारा कार्बनचा धूर बहात्तर किलोंवरून अडुसष्टावर येतो. चार किलो! लाखो खुर्च्यांवर चार किलो म्हणजे थोडंथोडकं नव्हे. टाळ्या पडल्या होत्या. शिकागोला तिला बोलावून बक्षीस म्हणून काचेचा एक तुकडा हातात दिला होता, तो तिच्या कपाटावर आहे. आणि दोन्ही खुर्च्यांच्या गणितात खाली एकच ओळ होती, एका माणसाला पंधरा वर्षं बसवण्यासाठी. पंधरा ही ओळ तिनं मोजली नव्हती. ती तिथं होतीच. हमीपत्रावर पंधरा होतं, म्हणून गणितात पंधरा. देवळात देव असतो तसं ते तिथं असायचं आणि त्याला कोणी वय विचारत नव्हतं.

तिनं आणखी खुर्च्या उलटवल्या. लूथर पुन्हा ओरडणार होता, पण त्यानं काय वाटून घेतलं कोण जाणे, तोही आत उतरला आणि न विचारता एकेक खुर्ची तिच्यापुढे पालथी धरू लागला. "पाच," तो वाचायचा, "सात, सहा, सहा." मार्लीन पर्समधल्या पाकिटाच्या मागे लिहीत होती. तिचे हात गारठले होते. आधी तिला लाज वाटली. मग लक्षात आलं, की लाज खालीच राहिली, वर येतोय तो राग. आणि तो कोणावर आहे हे कळायला तिला सातव्या का आठव्या खुर्चीपर्यंत वेळ लागला. ती ज्या घरात वाढली तिथं पावाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालायचे. आई सांगायची, चर्चमध्ये प्रवचनाला पेपरमिंट तोंडात ठेवायची ती चावायची नाही, चोखायची, म्हणजे तिसऱ्या, शेवटच्या मुद्द्यापर्यंत पुरते. टाकणं हे त्या घरात पाप होतं, आणि ते कोणी उपदेश करून शिकवलं नव्हतं, ते दोरीवर वाळत असायचं. त्या घरातली मुलगी मोठी होऊन जगाला कमी कसं टाकावं हे शिकवू लागली, आणि तिच्या हातून हे झालं. नाकानं कांदे सोलत झालं. त्यापेक्षा ती मेकअपच्या डब्या विकत बसली असती तर बरं होतं.

पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, तिला वेळेवर सांगितलं होतं. तेही याच कंपनीत एकतीस वर्षं गादीकाम करत होते. तोंडात पिना धरून बोलायची त्यांना इतकी सवय, की निवृत्त झाल्यावरही ओठाच्या एका कोपऱ्यातूनच बोलायचे. गोंदाची पहिली खुर्ची मार्लीननं हौसेनं त्यांच्या घरी नेली होती. ते तिच्यावर बसले नाहीत. त्यांनी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर पालथी घातली, चष्मा कपाळावर नेला आणि दहा मिनिटं तिच्या बुडावरून बोटं फिरवत राहिले.

"उघडते कुठून ही?"

"उघडायची गरजच नाही, पा. तीच तर गंमत आहे."

"गरज नाही कशी? कापड कधीतरी फाटेल ना?"

"पंधरा वर्षं नाही फाटणार."

"कोण म्हणतं?"

"हमीपत्र म्हणतं."

"हमीपत्रावर बसतात का लोक?" पा म्हणाले आणि हसले, आणि तीही हसली, कारण म्हाताऱ्या माणसांना नवं काही बघवत नाही असं तिला तेव्हा वाटत होतं. तिनं त्यांना समजावून सांगितलं होतं, चार किलोंचं गणित, कागदावर लिहून. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. "तू शिकलेली आहेस," ते म्हणाले. "मला एवढंच कळतं, की जे उघडत नाही ते दुरुस्त होत नाही." मार्लीननं कॉफी ओतली आणि विषय बदलला. पा वारले त्याला आता चार वर्षं झाली. हौदात उभं राहून तिला त्यांची माफी मागावीशी वाटली नाही. मागायची तर ती आधी जिवंत माणसांसमोर मागायला हवी असं तिला वाटलं.

त्याहून वाईट एक गोष्ट होती, आणि ती तिच्या मनात आता, इतक्या वर्षांनी, आपली आपण येऊन उभी राहिली. कंपनीत दुरुस्तीचं एक दालन होतं. गिऱ्हाइकांकडून फाटक्या गाद्या यायच्या, सहा जणं नवं कापड चढवून परत पाठवायची. त्या दालनाची वीज, कापड, जाण्या-येण्याचे ट्रक, सगळं मार्लीन खुर्चीच्या गणितात धरायची. गोंद आल्यावर गाद्या कमी होत गेल्या आणि पाच वर्षांत यायच्या बंद झाल्या. एकही येईना. दालन बंद झालं, सहा जणांना निरोपाचा केक कापून घरी धाडलं. आणि मार्लीननं त्या वर्षीच्या अहवालात लिहिलं, 'दुरुस्तीमुळे होणारा ताप: शून्य.' तिनं ते वाक्य ठळक अक्षरांत लिहिलं होतं. खुर्ची इतकी चांगली झाली की दुरुस्तीच लागत नाही, असं तिनं मानलं. दवाखान्यात कोणी येत नाही म्हणून गावात रोगच नाही असं समजणारा वैद्य आणि ती, दोघांची अक्कल एकच. रोगी सगळे सरळ खड्ड्यात चालले होते. तिच्या धंद्यातल्या माणसाशिवाय ही चूक कोणाच्या हातून झाली नसती. लूथरच्या तर नक्कीच नसती.

"एकेचाळीस," लूथर म्हणाला. "संपल्या. काय निघालं?"

"सरासरी सहा वर्षं."

"मग? चांगलं का वाईट?"

"मी पंधरा सांगत होते सगळ्यांना."

लूथरनं शीळ घातली. "माझ्या बायकोनं वजन सांगावं तसं सांगितलंत की," तो म्हणाला आणि तिला हात देऊन खाली उतरवलं. मार्लीनला हसू आलं. बंबाच्या नळापाशी तिच्या गाडीच्या काचेवर दंडाची चिठ्ठी लावलेली होती. तिनं ती काढून खिशात घातली आणि तिला मुळीच वाईट वाटलं नाही.

कंपनीपर्यंत जायला पंचवीस मिनिटं लागतात. त्या पंचवीस मिनिटांत तिनं मनातल्या मनात तीनदा माघार घेतली. एक हौद म्हणजे सारं जग नव्हे. विम्यावाल्यांना रंग नकोसा झाला असेल. घोषणापत्र आज दुपारी बाहेरच्या तपासनिसाकडे गेलं नाही, तर राज्यातल्या विद्यापीठांची खुर्च्यांची मोठी मागणी हातची जाईल, आणि मग कारखान्यातल्या माणसांचं काय? हे सगळं खरं होतं. प्रत्येक वेळी गोष्ट खरीच असते आणि म्हणूनच माणूस सही करतो. नदीवरचा पूल ओलांडताना तिला वाटलं, आणखी दोन वर्षांनी आपण निवृत्त होऊ, काचेचा तुकडा घरी नेऊ, तोपर्यंत गप्प बसलं तर झाकली मूठ राहील. आणि ताबडतोब डोळ्यांपुढे लूथर आला, चाकूनं गादी खरवडणारा, बायकोसाठी. काय चिकटवलंय काय कोणी! पुढच्या वळणावर तिनं हे वाक्य मोठ्यानं म्हणून बघितलं. गाडीत ते फार स्पष्ट ऐकू आलं.

आपल्या खोलीत जाऊन तिनं ओले बूटही काढले नाहीत. गणित उघडलं आणि पंधराच्या जागी सहा घातले. एका माणसाला पंधरा वर्षं बसवायला आता एक नाही, अडीच खुर्च्या लागत होत्या. अडुसष्टाचे एकशेसत्तर झाले. तिनं जुन्या, स्क्रूच्या खुर्चीची ओळ शेजारी मांडली. ती दोनदा गाद्या बदलून पंधरा वर्षं चालली असती तरी ऐंशीच्या वर जात नव्हती. आकडे गप्प उभे होते. बावीस वर्षांत पहिल्यांदाच आपण त्यांना खरं बोलू दिलं, असं तिला वाटलं. मग तिनं सातव्या पानावर चार ओळी लिहिल्या आणि छपाईला दिलं.

बैठकीच्या खोलीत कर्ट एकटाच होता. उत्पादन विभागाचा प्रमुख, तिच्याहून दहा वर्षांनी लहान, माणूस म्हणून वाईट नाही. मुलांच्या बास्केटबॉलचे सामने कधी चुकवायचा नाही. त्यानं तिच्या पायांकडे पाहिलं. "पडलीस की काय कुठं?"

"हौदात उतरले होते."

तिनं सगळं सांगितलं. कर्टनं कागद वाचला, एकशेसत्तरपाशी थांबला आणि तो परत तिच्यापुढे सरकवला. "मार्लीन, तू शहाणी बाई आहेस. एका उकिरड्यातल्या एकेचाळीस खुर्च्या. याला पाहणी म्हणतात? तूच मला शिकवलंस की एवढ्याशा नमुन्यावर काही बोलू नये."

"बरोबर. आणि पंधरा हा आकडा किती खुर्च्या मोजून काढला?"

कर्टनं कागद पुन्हा उचलला.

"एकही नाही. मग माझ्या एकेचाळीस तुझ्या शून्याहून बऱ्या."

"सगळा बाजार पंधराच धरतो."

"धरू दे. सगळा बाजार हौदात जाऊन बघत नाही, म्हणून धरतो." तिचा आवाज चढला होता आणि तो खाली आणायची तिला इच्छा नव्हती. "ऊठ जरा. ऊठ ना. दोन मिनिटं."

तो उठला, कशासाठी ते न कळून. मार्लीननं त्याची खुर्ची गालिच्यावर पालथी घातली आणि गुडघ्यांवर बसून चिठ्ठी वाचली. "दोन वर्षांपूर्वीची. याआधी या खोलीत ज्या होत्या त्या कुठं गेल्या, कर्ट?"

"त्या... कापड खराब झालं होतं. गिऱ्हाइकं येतात इथं."

"कुठं गेल्या?"

कर्टनं खिडकीकडे पाहिलं. बाहेर कारखान्याचं मागचं आवार होतं, बर्फाखालून डांबर दिसू लागलं होतं. "मलाच विचारून काढल्या होत्या," तो शेवटी म्हणाला. आणि मग, वाईट नसलेली माणसंही कोपऱ्यात सापडली की करतात ते त्यानं केलं. "ठीक आहे. हे बाहेर गेलं, की पहिला प्रश्न येईल, गोंदाची कल्पना कोणाची? मग मी काय सांगू? शिकागोला बक्षीस कोणी घेतलं? तुझ्या बावीस वर्षांचा चोथा करतील लोक. मी तुझ्या भल्यासाठी सांगतोय."

"सातवं पान काढ."

त्यानं काढलं. वाचताना त्याचे ओठ हलत होते. तिथं लिहिलं होतं, की गादी चिकटवायची शिफारस मार्लीन बोलहाउस यांची होती. खुर्ची किती वर्षं टिकते हे त्यांनी तपासलं नव्हतं. दुरुस्ती अशक्य झाली, तिची नोंद त्यांनी दुरुस्ती नको अशी केली.

"हे वेड आहे," तो हळूच म्हणाला. "यावर मी सही करणार नाही."

"तुझी लागतच नाही. गणित करणाऱ्याची लागते." तिनं सही केली. टेबलावरच्या कॉम्प्युटरवर घोषणापत्र तयारच होतं. तिनं जुनं काढून नवं चढवलं आणि त्याच्या देखत तपासनिसाला धाडून दिलं. कर्टचा हात अर्धवट पुढे आला आणि तसाच राहिला. विद्यापीठांची मागणी गेली असेल कदाचित. कदाचित तिची खुर्चीही गेली असेल. पण आता मागे फिरायचं तिच्या मनात नव्हतं.

"आणि उद्या," ती म्हणाली, "दुरुस्तीचं दालन उघडायचं. त्या सहांतले चौघं अजून गावातच आहेत, त्यांचे फोन माझ्याकडे आहेत. गोंद बंद. फळी आणि चार स्क्रू परत."

कर्ट पालथ्या खुर्चीशेजारी उभा होता, बसायला जागा नसल्यासारखा. "चार स्क्रूंनी आकडा वाढतो, मार्लीन. याच खोलीत, याच टेबलाशी उभी राहून तू आम्हाला ते पटवलं होतंस. मला पाठ आहे तुझं वाक्य."

"मलाही आहे," मार्लीन म्हणाली. "चुकलं होतं माझं. आता लिहून घे, आणि खाली तारीख टाक."